किलोच्या भावात ड्रॉइंग फुकट

कोल्हापुरात फॅब्रिकेशनचं, म्हणजे स्टील कापून-जोडून सांगाडे बनवण्याच्या कामाचं, कोटेशन कुठूनही मागवा, शिरोलीतून, गोकुळ शिरगावातून, उद्यमनगरातल्या गल्लीतून किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या मोठ्या शेडमधून, त्यावरचा मुख्य आकडा एकच असतो : किलोला इतके रुपये. मटेरियल धरून की नुसती मजुरी, रंगाचे हात किती, वाहतूक कुणाकडे, यावर भरपूर घासाघीस होते. ड्रॉइंगची ओळ मात्र बहुतेक कोटेशनात नसतेच. काम आम्हाला द्या, ड्रॉइंग आम्ही करून देतो, हे दोन्ही बाजूंनी धरून चाललेलं असतं.

मी याच धंद्यात मेकॅनिकल डिझाइन इंजिनिअर आहे. कन्व्हेयरचे स्टँड, हॉपर (वरून माल टाकून खालून सोडायची नसराळ्यासारखी टाकी), मशीनच्या बेस फ्रेम, प्लॅटफॉर्म आणि जिने, फाउंड्रीतल्या वाळूच्या यंत्रणेचे सांगाडे, साखर कारखान्यांचे उसाचे कॅरियर, असली कामं आमच्या टेबलावर येतात. इतकी वर्षं हे जवळून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. स्टीलच्या कामाची किंमत नुसत्या वजनावर ठरवायची आणि डिझाइन त्या वजनात फुकट घालून द्यायचं, ही पद्धत बंद झाली पाहिजे. ती चालू आहे तोवर इथे चांगला डिझाइनर टिकणार नाही, स्टील वाया जाईल, आणि ज्या प्लॅटफॉर्मवर माणूस उभा राहतो तो किती भार घेईल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते.

एक हिशेब मांडतो. समजा साखर कारखान्यासाठी बगॅसचा, म्हणजे उसाच्या चिपाडाचा, हॉपर करायचा आहे आणि त्याला एकूण ४० चौरस मीटर पत्रा लागतो. सरधोपट मार्ग म्हणजे ६ मिलीची प्लेट घ्यायची आणि जोडून टाकायची. ६ मिलीची प्लेट चौरस मीटरला ४७.१ किलो भरते, म्हणजे १,८८४ किलो झाले. आता डिझाइनरने बसून दाब कुठे जास्त येतो, कुठे कमी येतो हे काढलं, झिजण्याचा विचार केला, आणि ४ मिलीचा पत्रा घेऊन बाहेरून ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलच्या आडव्या पट्ट्या दिल्या. पत्रा झाला १,२५६ किलो. अँगल ४५ मीटर लागला. मीटरला साडेचार किलो धरला तर तो सुमारे २०२ किलो. एकूण १,४५८. सव्वाचारशे किलो स्टील वाचलं आणि जिथे ताकद हवी तिथेच ती बसली.

ज्याचा कारखाना आहे त्याचा यात फायदा आहे. पण हाच हिशेब फॅब्रिकेटरच्या बाजूने करून बघा. किलोवर बिल असल्यामुळे त्याची मजुरी साडेबावीस टक्क्यांनी घटली. काम मात्र वाढलं. पंचेचाळीस मीटर अँगल आखायचा, कापायचा, टॅक मारायचा, तुटक-तुटक वेल्ड घ्यायचा, पातळ पत्रा ओढला जाऊ नये म्हणून वेल्डिंगचा क्रम पाळायचा, एका बाजूला मारलं की दुसऱ्या बाजूला जायचं. शिवाय डिझाइनर जितके दिवस बसला त्या दिवसांचा पगारही त्याच्याच खिशातून गेला. मग पुढच्या वेळी तो डिझाइनरला काय सांगेल? "सहाची प्लेट दाखव आणि मोकळा हो." त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला ज्याचे पैसे मिळतात ते तो करतो.

कापडाच्या वजनावर शिलाई ठरवणारा शिंपी कुणी पाहिला नसेल. स्टीलमध्ये आपण नेमकं तेच करतो. आणि वजनाचा ताकदीशी आपण समजतो तितका संबंध नसतो. १०० बाय १० ची सपाट पट्टी घ्या. दोन टेकूंवर आडवी ठेवा आणि मधे हाताने दाबा, सहज लवेल. तीच पट्टी धारेवर उभी करा. वजन ग्रॅमभरही वाढलेलं नाही, पण वाकण्याला होणारा विरोध शंभर पट झाला, कारण तो रुंदीवर सरळ चालतो, पण उंचीच्या घनावर. डिझाइनरचं काम या एका वाक्यात बसतं असं मी म्हणणार नाही, पण त्याची मजा इथून सुरू होते : तेवढंच स्टील, पण जागेवर ठेवलेलं. ही बुद्धी वजनकाट्यावर दिसत नाही. काटा दोन्ही पट्ट्यांना सारखंच मोजतो.

किलोचा भाव का रुजला, हेही समजून घेतलं पाहिजे, कारण ज्यांनी तो रुजवला ते अडाणी नव्हते. ट्रक काट्यावर चढवला, पावती निघाली, वाद मिटला. आठ-दहा माणसांचं वर्कशॉप आणि समोर मोठा कारखाना, अशा विषम व्यवहारात ही पावती छोट्याचं संरक्षण करते. मोजमापावर भांडायला त्याच्याकडे ना वेळ असतो ना वकील. जिथे सल्लागाराने आधीच डिझाइन करून दिलंय, कोणता सेक्शन किती मीटर हे यादीत आहे, आणि फॅब्रिकेटरने फक्त कापायचं-जोडायचं आहे, तिथे किलोचा भाव रास्तच आहे. तिथे तो राहू द्यावा. माझी हरकत आहे ती एकाच प्रकाराला : जाडी ठरवणारा आणि जाडीवर कमावणारा एकच असतो तिथे. आणि आपल्याकडची छोटी-मध्यम कामं बहुतेक याच प्रकारात मोडतात.

यावर काही मालक म्हणतात, मग आम्ही एकरकमी किंमत देतो, वजनाची भानगडच नको. ते आणखी धोक्याचं आहे. एकरकमी ठेक्यात प्रत्येक वाचवलेला किलो ठेकेदाराच्या खिशात जातो. किलोच्या भावात स्टील उगाच वाढतं, एकरकमीत ते गुपचूप घटतं. ज्याच्याकडे हिशेबाचा कागद नाही त्याला पहिल्यात नुकसान होतं, दुसऱ्यात अपघात. म्हणून भाव कोणत्या पद्धतीने ठरवायचा हा दुय्यम मुद्दा आहे. डिझाइन वेगळं करून घेतलंय का, त्याचे पैसे वेगळे दिलेत का आणि त्याखाली कुणाची सही आहे का, हे आधी बघायला हवं.

१३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि सतरा माणसं गेली. ते होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. मुंबई महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. परवानगी कुणी दिली, पैसे कुणी खाल्ले यावर पुष्कळ लिहून झालं. मी एका साध्या गुणाकाराकडे लक्ष वेधतो. बाजू तिप्पट केली की वाऱ्याला अडवणारं क्षेत्र नऊ पट होतं. उंचीही तिप्पट झाल्याने त्या वाऱ्याची तरफ तिप्पट लांब होते. दोन्ही फलक जमिनीपासून उभे धरले, तर पायाशी उपटून काढणारा जोर सत्तावीस पट. मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग आयएस ८७५ या भारतीय मानकात सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर दिलेला आहे. हे सगळं डिप्लोमाच्या मुलाला पंधरा मिनिटांत मांडता येतं. तो फलक उभा करणाऱ्यांनी स्टील कमी वापरलं असेल असं नाही, टनावारी वापरलं असेल. टनांनी तो वाचला नाही.

आता आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही साखर कारखान्यात चला. बॉयलर बघा. १९५० च्या इंडियन बॉयलर रेग्युलेशन्सनुसार त्याच्या दाबाखालच्या भागांचं ड्रॉइंग मंजूर झाल्याशिवाय काम सुरू होत नाही. प्लेटचं टेस्ट सर्टिफिकेट लागतं. वेल्डरला परीक्षा द्यावी लागते आणि त्याची मुदत संपली की पुन्हा द्यावी लागते. शेवटी पाण्याचा दाब देऊन चाचणी होते. त्याच बॉयलरपासून काही पावलांवर बगॅसचा कन्व्हेयर आहे, त्याच्या कडेने चालायला प्लॅटफॉर्म आहे, वर हॉपर आहे. गाळप सुरू झालं की तिथे तीनही पाळ्यांत माणसं वावरतात. त्या प्लॅटफॉर्मवर चौरस मीटरला किती भार धरला होता, असं विचारून बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही, कारण ते कधी कुणी लिहिलेलंच नसतं. जुन्या कामासारखं नवं काम झालेलं असतं, आणि जुनं त्याहून जुन्यासारखं. कारखान्याच्या इमारतीला स्थैर्य प्रमाणपत्र लागतं. आतल्या स्टँडला, जिन्याला, हॉपरच्या पायांना सही मागणारा मी क्वचितच पाहिला आहे. एकाच आवारात, एकाच वेल्डरच्या हातून होणाऱ्या दोन कामांना दोन न्याय का, याचं पटेल असं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

बॉयलरचं उदाहरण दुसऱ्या कारणासाठीही घेतलं. कोल्हापूरच्या फॅब्रिकेटरला शिस्त झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांना ते परस्पर उत्तर आहे. मागणी झाली की तो सगळं करतो.

पण सगळा दोष मालकांवर आणि गिऱ्हाइकांवर टाकून डिझाइनरला मोकळं सोडता येणार नाही. आपल्याकडचं ड्रॉइंग फुकट जाण्याचं एक कारण असं की कित्येकदा ते फुकट जाण्याच्याच लायकीचं असतं. सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल सुरेख दिसतं. फिरवून दाखवलं की गिऱ्हाईक खूश होतं. तेच शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, गेलं की मेस्त्री कागद डोळ्यांपुढे धरतो आणि विचारतो, "साहेब, हे तुम्ही काढलंय खरं, पण आत वेल्डिंगचा टॉर्च जाणार कुठनं?" दोन चॅनेल समोरासमोर, मधे चार बोटांची फट, आणि आतल्या कोपऱ्यात वेल्डची खूण. पडद्यावर तो कोपरा जवळ आणून बघता येतो. शॉपमध्ये तिथे हात जात नाही, काचेतून दिसत नाही. मग मेस्त्री आपल्या अकलेने तोड काढतो. बाहेरून एक पट्टी मारतो, नाहीतर एक बाजू न जोडताच सोडतो. जॉब जातो. ड्रॉइंग मात्र तसंच फाइलमध्ये राहतं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शॉपला तेच दिलं जातं.

वेल्डच्या मापाचंही तसंच. सहा मिलीचा फिलेट, म्हणजे दोन प्लेटांच्या कोपऱ्यात भरलेला वेल्ड, पुरेसा असताना 'जरा मजबूत असू दे' म्हणून ड्रॉइंगवर आठ लिहिलं जातं. आकड्यात फरक दोनचा. पण फिलेटचा छेद त्रिकोणी असतो आणि त्याचं क्षेत्रफळ बाजूच्या वर्गावर वाढतं : छत्तीसला चौसष्ट. म्हणजे भरायचं वेल्ड मेटल पावणेदोन पटीहून जास्त, वायर तितकी, गॅस तितका, वेळ तितका. सगळ्यात वाईट म्हणजे उष्णताही जास्त. ती फ्रेम थंड होताना ओढली जाते, गुण्यात (काटकोनात) राहत नाही, मग गॅस मारून आणि ठोकून ती सरळ करत दोन माणसं दिवस घालवतात. इतकं करून ताकद वाढते ती घशाच्या, म्हणजे त्या त्रिकोणाच्या कोपऱ्यापासून तिरप्या बाजूपर्यंतच्या जाडीच्या, प्रमाणात, सव्वाचार मिलीवरून साडेपाचच्या थोडी पुढे, आणि तीही गरज नसताना. एक आकडा लिहिणाऱ्याला त्या दिवसाचा पत्ता नसतो.

अशा गोष्टी शॉपमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाहीत. भोकापासून प्लेटच्या कडेपर्यंत किती अंतर सोडायचं हे स्टीलच्या बांधकामाच्या आयएस ८०० या मानकात दिलंय, पण कड मशीनवरच्या गॅस कटरने किंवा करवतीने कापलेली असेल तर भोकाच्या दीडपट आणि कातरलेली किंवा हाताच्या गॅस कटरने कापलेली असेल तर १.७ पट. २० मिलीच्या बोल्टला २२ चं भोक, म्हणजे एकीकडे ३३ मिली पुरतात, दुसरीकडे साडेसदतीस लागतात. आपला जॉब कोणत्या शॉपमध्ये, कोणत्या मशीनवर कापला जाणार हे ज्याला माहीत नाही तो यातला कोणता आकडा लिहिणार?

गॅल्व्हनायझिंगचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. चौकोनी पाइपची रेलिंग दोन्ही टोकांना टोपण लावून बंद केली, दिसायला छान. तिला जस्ताच्या टाकीत बुडवण्याआधी अ‍ॅसिडने धुतात. वेल्डमधल्या बारीक भोकातून आत थोडं पाणी जातं. पुढची टाकी वितळलेल्या जस्ताची, सुमारे ४५० अंशांची. आत अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि पाइप फुटून वितळलेलं जस्त टाकीशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर उडू शकतं. हे टाळायला ड्रॉइंगवर हवा जाण्यासाठी आणि जस्त निथळण्यासाठी दोन्ही टोकांना योग्य मापाची भोकं दाखवायची असतात. डिझाइनरने पाच मिनिटं दिली की तो माणूस सुरक्षित. ती भोकं किलोत मोजली तर उलट काही ग्रॅम कमीच होतात.

उलट दिशेचाही धोका आहे, शॉपने सोयीसाठी केलेला बदल डिझाइनरने न तपासता मान्य करण्याचा. अमेरिकेत कॅन्सस सिटीत १७ जुलै १९८१ ला हयात रिजन्सी हॉटेलमधले छताला टांगलेले दोन पादचारी मार्ग गर्दीसकट खाली आले आणि ११४ माणसं मेली. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून खालच्या मार्गापर्यंत एकसलग रॉड होते आणि दोन्ही मार्ग त्यांवर आपापल्या नटाने टेकलेले होते. इतक्या लांब रॉडला मधेपर्यंत आटे पाडणं शॉपला अवघड होतं, म्हणून एकाऐवजी दोन आखूड रॉड सुचवले गेले : एक छतापासून वरच्या मार्गापर्यंत, दुसरा वरच्या मार्गाच्या तुळईपासून खालच्या मार्गापर्यंत. बनवायला सोपं. पण आता खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या तुळईला लटकला, आणि त्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला. तो बदल नव्याने गणित न करता मंजूर झाला होता. पुढे जबाबदार इंजिनिअरांचे परवाने रद्द झाले. आपल्या शॉपमध्ये असे बदल रोज होतात. रॉड मिळाला नाही, दोन तुकडे जोडले. १५० चा चॅनेल बाजारात नव्हता, १२५ चा लावला. फोनवर "चालतंय का?" आणि इकडून "चालतंय, चालू दे." दोघांचाही हेतू वाईट नसतो. कागद मात्र कुठेच नसतो.

तिथे परवाने रद्द झाले कारण परवाने होते. आपल्याकडे आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे. इंजिनिअरच्या व्यवसायासाठी तसा देशभर लागू असलेला कायदा नाही. बांधकामाच्या परवानगीपुरती नोंदणी महापालिका करतात, पण मशीनच्या स्टँडवर किंवा हॉपरवर सही करायला कुणाला काही सिद्ध करावं लागत नाही. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'काढले', 'तपासले', 'मंजूर' हे तीन चौकोन असतात, ते तरी खरेपणाने भरले जावेत. आज कितीतरी ड्रॉइंगांवर तिन्ही चौकोनांत एकाच माणसाची आद्याक्षरं असतात किंवा ते रिकामेच असतात. ज्याने काढलं त्यानेच तपासायचं याला तपासणी म्हणत नाहीत.

जे काम फुकट जातं ते करणाऱ्याला पगार तरी काय देणार? इथला तरुण इंजिनिअर दिवसभर कॅड चालवतो, मटेरियलची यादी काढतो, प्लेटचं नेस्टिंग (एका प्लेटवर जास्तीत जास्त तुकडे बसवण्याची आखणी) करतो, मधेच गिऱ्हाइकाला कोटेशन पाठवतो, संध्याकाळी डिस्पॅचवर उभा राहतो. मालकाच्या वहीत त्याचा पगार खर्चाच्या बाजूला असतो, कारण त्याच्या कामाचं बिल कुणालाच लागत नाही. वेल्डर किती किलो जोडतो हे सांगता येतं. डिझाइनरने किती वाचवलं हे कुठे लिहिलेलं नसतं. मग तीन-चार वर्षांत हात बसला की तो पुण्याजवळ चाकणला किंवा तळेगावला जातो, आणि तिथे त्याच्या याच कामाला वेगळा पगार आणि वेगळा मान मिळतो. केआयटी आणि इचलकरंजीचं डीकेटीई ही इंजिनिअरिंग कॉलेजं, सरकारी तंत्रनिकेतन, इतकी मुलं आपण इथे शिकवतो. ती जातात त्याचं दुःख करून उपयोग नाही, ती थांबावीत असं काही आपण ठेवलेलं नाही.

उद्यमनगरचा इतिहास काढून मला नेहमी सांगितलं जातं की इथल्या मेस्त्रींनी कागदाशिवाय ऑइल इंजिनं बनवली, गुऱ्हाळाचे चरक बनवले, मग तुमच्या ड्रॉइंगचं एवढं काय? त्या मेस्त्रींबद्दल मला अपार आदर आहे, आणि म्हणूनच हा दाखला मला उलटा वाटतो. त्यांच्या डोक्यात डिझाइन होतं. काय धरेल आणि काय तुटेल हे त्यांनी हाताने मोडून, दुरुस्त करून, पुन्हा बनवून शिकलेलं होतं. बनवणारा आणि विचार करणारा एकच होता. आज काम तुकड्यांत झालंय : लेझर कटिंग एकाकडे, बेंडिंग दुसऱ्याकडे, जोडणी तिसऱ्याकडे, उभारणी आणखी कुणाकडे, आणि वेल्डिंग करणारी कित्येक मुलं परराज्यातून चार महिन्यांसाठी आलेली. या सगळ्यांच्या हातात सारखी असणारी गोष्ट एकच, ड्रॉइंग. मेस्त्रीच्या डोक्यात जे होतं ते आता त्या कागदावर आलं पाहिजे. आणि ते यायचं तर डिझाइनरला अर्धा दिवस टेबलावर आणि अर्धा दिवस मेस्त्रीच्या शेजारी घालवू दिला पाहिजे. मेस्त्रीने सुचवलेला बदल ड्रॉइंगमध्ये चढला पाहिजे, तारीख आणि आवृत्तीचा आकडा घालून. त्या मेस्त्रीचं नाव टिपेत लिहिलं तर फारच उत्तम. मी ते आग्रहाने करतो.

आणखी एक प्रकार बोलून दाखवायला हवा, कारण तो सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. कोटेशनसोबत ड्रॉइंग मागायचं, ते आलं की त्यावरचं नाव झाकून आणखी तीन शॉपना पाठवायचं आणि सगळ्यात कमी किलो-भाव देणाऱ्याला काम द्यायचं. एका गिऱ्हाइकाने आमच्याकडून आलेलं ड्रॉइंग असं फिरवलं, आणि ते फिरत फिरत दुसऱ्या शॉपमधून भाव विचारायला आमच्याच ओळखीच्या माणसाकडे आलं. कोपऱ्यातली टिपेची अक्षरं माझी होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ड्रॉइंगला संरक्षण आहे, पण दहा टनांच्या कामासाठी कोर्टात कोण जातं? यामुळे झालं असं की शॉप आता कोटेशनसोबत मुद्दाम अर्धवट ड्रॉइंग देतात, महत्त्वाची मापं काढून. म्हणजे ज्याच्यावर किंमत ठरते तोच कागद अपुरा. प्रामाणिक गिऱ्हाइकाचंही यात नुकसान आहे.

हे मोडायचं तर पैसे देणाऱ्याने सुरुवात केली पाहिजे. छोट्या वर्कशॉपला उद्यापासून ड्रॉइंगचं वेगळं बिल लाव म्हणणं सोपं आहे; शेजारचा फुकट देतोय तोवर त्याला ते परवडणार नाही. गोशिमा (गोकुळ शिरगाव) आणि स्मॅक (शिरोली) यांसारख्या उद्योजकांच्या संघटनांनी सभासदांसाठी कोटेशनचा एक साधा नमुना ठरवला तर मदत होईल : डिझाइन आणि ड्रॉइंग एक रक्कम, फॅब्रिकेशन दुसरी, उभारणी तिसरी. ज्यांना पूर्णवेळ डिझाइनर ठेवणं झेपत नाही अशा चार-पाच शॉपनी मिळून एक ठेवावा, हेही करता येण्यासारखं आहे. फाउंड्रीवाले आज वाहन कंपन्यांच्या ड्रॉइंगवर अर्ध्या मिलीसाठी जीव काढतात; त्यांनी स्वतःच्या शेडमधल्या सांगाड्यालाही तीच शिस्त लावावी.

पण सगळ्यात मोठी ताकद सहकारी साखर कारखान्यांच्या हातात आहे. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम आटोपतो आणि पुढचं गाळप सुरू होईपर्यंत दुरुस्तीची, बदलाची आणि नव्या फॅब्रिकेशनची कामं निघतात. निविदा तेव्हाच ठरतात. त्या निविदेत डिझाइन ही वेगळी बाब असू द्या. आधी डिझाइन करून घ्या, गणिताच्या कागदासह, धरलेला भार ड्रॉइंगवर लिहून, काढणारा आणि तपासणारा अशा दोन वेगळ्या माणसांच्या सह्या घेऊन. त्याचे पैसे चुकते करा, म्हणजे तो कागद तुमचा झाला. मग तोच सगळ्या शॉपना द्या आणि खुशाल किलोवर भाव मागवा. काम पूर्ण झालं की जे बदल झाले ते चढवलेलं शेवटचं ड्रॉइंग आल्याशिवाय अखेरचं बिल काढू नका. याला नवा कायदा लागत नाही, संचालक मंडळाचा ठराव पुरतो. आणि मंडळ ते मनावर घेत नसेल, तर वार्षिक सभेत सभासदांनी विचारावं : यंदा जो प्लॅटफॉर्म बांधला त्यावर किती भार चालतो, आणि ते कुणाच्या सहीने?